चिखलातला फोटो

"मावशी, आईला एक पत्र लिहायला सांग ना. आम्ही दोघं एकत्र राहत होतो आणि हे तिला माहीत आहे, एवढंच लिहायचंय."

भाचीचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. एवढंच! तिच्या दृष्टीनं एवढंच. पण गेलं वर्षभर तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, पोलादपूरजवळच्या आमच्या गावात प्रत्येकाला सांगत होती, "पोर पुण्यात मुलींच्या हॉस्टेलवर असते." तीच गोष्ट आता कागदावर उलटी लिहायची, खाली सही करायची आणि तो कागद ऑस्ट्रेलिया सरकारला पाठवायचा!

गोष्ट २०२३ च्या जूनमधली. आता सगळं पार पडलंय. भाचीला विचारूनच लिहितेय. नावं मात्र कुणाचीच लिहीत नाही.

भाची लोणेरेच्या विद्यापीठातून इंजिनीअर झाली आणि पुण्यात नोकरीला लागली. मुलगा सांगली जिल्ह्यातला. त्याला ऑस्ट्रेलियाचा कायमचा व्हिसा आधीच मिळालेला होता. २०२० च्या सुरुवातीला तो घरी आला आणि करोनामुळे इथेच अडकला. पुण्यात बसून मेलबर्नच्या कंपनीचं काम करायचा. तिथेच दोघांची ओळख झाली. नोव्हेंबर २०२१ पासून ती दोघं एका फ्लॅटमध्ये राहू लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला परत जावं लागलं आणि मग प्रश्न आला, हिनं तिकडे जायचं कसं?

तुम्हाला जो प्रश्न पडला असेल, तोच मलाही पडला होता. "अगं, मग लग्न करून टाका ना! सोपं होईल सगळं."

ती म्हणाली, "मावशी, व्हिसासाठी लग्न नाही करायचं मला. लग्नासाठी लग्न करायचंय. त्याच्या घरी अजून मोठ्या बहिणीचं व्हायचंय, माझं तिकडच्या नोकरीचं काही ठरलेलं नाही. घाईत चार माणसं बोलावून उरकायचं आणि आयुष्यभर म्हणायचं, व्हिसा हवा होता म्हणून केलं?"

मला हे पटलं नाही. खरं सांगते, तेव्हा अजिबात पटलं नाही.

स्टॅम्पपेपरवरचं लग्न

ती आधी पुण्यातल्या एका कन्सल्टंटकडे गेली. काचेचं ऑफिस, भिंतीवर विमानाचं चित्र, कॉफी. त्यानं पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, लिव्ह-इन वगैरे सांगूच नका. स्टॅम्पपेपरवर लग्नाचं प्रतिज्ञापत्र करू, नोटरी आपलाच आहे. हार घालून दोन-चार फोटो काढा. तारीख मागची टाकू." पंचवीस हजार आगाऊ घेतले. पावती मागितली तर "सिस्टीम डाऊन आहे" म्हणाला.

तिनं मला फोन करून हे सांगितलं आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "काय बिघडतं? सगळे तसंच करत असतील."

इथे मी चुकले. म्हणून तर हे लिहायला बसले.

नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र म्हणजे लग्न नव्हे. आपल्याकडे लग्न एकतर धार्मिक विधीनं होतं किंवा १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, तीस दिवसांची नोटीस देऊन, विवाह अधिकाऱ्यासमोर. नंतर त्याची नोंद नगरपरिषदेत, ग्रामपंचायतीत किंवा निबंधकाकडे करता येते. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिल्यानं नवरा-बायको होत नाहीत. आणि खोटी तारीख टाकलेला कागद परदेशी सरकारला दिला तर? ऑस्ट्रेलियात खोट्या कागदपत्रांमुळे अर्ज फेटाळला तर साधारण तीन वर्षं दुसरा व्हिसा मिळणं बंद होऊ शकतं. कॅनडात पाच वर्षं. ब्रिटनमध्ये दहा! म्हणजे जो रस्ता सोपा वाटत होता, त्यानं दोघांची ताटातूट वर्षानुवर्षं झाली असती.

सुदैवानं मुलालाच संशय आला. त्यानं तिकडून शोधाशोध केली, तेव्हा कळलं की ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. तिथे लग्न झालेली जोडी आणि लग्नाशिवाय नवरा-बायकोसारखी राहणारी जोडी, दोघांना एकाच पार्टनर व्हिसासाठी अर्ज करता येतो. लग्नाशिवायच्या जोडीनं अर्जाच्या आधी निदान बारा महिने तसं नातं असल्याचं दाखवायचं. यांचे बारा महिने पूर्ण होऊन गेले होते. म्हणजे कन्सल्टंट ज्याला खोटं बोलायला सांगत होता, तेच खरं बोलून काम होणार होतं!

ते पंचवीस हजार गेले ते गेलेच.

"तुमच्याबद्दल कोणाला माहीत आहे?"

मग त्यांनी मेलबर्नमधली एक नोंदणीकृत मायग्रेशन एजंट गाठली. बाई मूळची हैदराबादची. ऑस्ट्रेलियात अशा एजंटना सरकारी नोंदणी सक्तीची असते. प्रत्येकाला सात आकडी नंबर असतो आणि तो सरकारी यादीत कुणालाही तपासता येतो. तिथले वकीलही हे काम करू शकतात. बाईंनी पहिल्याच दिवशी फी किती, कोणत्या टप्प्याला किती, हे लेखी करारात दिलं. आणि एक वाक्य स्पष्ट सांगितलं, "व्हिसा मिळेलच, अशी खात्री मी देत नाही. जो देतो, त्याच्याकडे जाऊ नका."

सरकारी फी वेगळी. ती तेव्हा जवळपास नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होती, म्हणजे आपले पाच लाखांच्या घरात. आता तर नऊ हजारांच्याही वर गेली आहे. आणि नकार आला तरी ती सहसा परत मिळत नाही. एवढ्या पैशात आमच्याकडे घराचा स्लॅब पडतो! म्हणून अर्ज पहिल्याच वेळी नीट जायला हवा, आणि त्यासाठी जाणकार माणूस हवा.

बाईंनी समजावलं की अधिकारी चार गोष्टी बघतो. पैशांचा व्यवहार एकत्र आहे का? घर एकत्र चालवता का? चार लोकांत तुम्ही जोडपं म्हणून ओळखले जाता का? आणि एकमेकांशी किती बांधिलकी आहे, पुढचा काय विचार आहे?

पैशांचं सोपं होतं. भाडं, किराणा, वीजबिल दोघं निम्मं-निम्मं भरायचे, फोनवरून पाठवलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद होती. घराचं थोडं अवघड. लग्न न झालेल्या जोडीला घर द्यायला मालक कां-कू करतात, म्हणून भाडेकरार एकट्या मुलाच्या नावावर केलेला. मग हिच्या नावानं त्या पत्त्यावर आलेली बँकेची पत्रं, कुरिअरच्या पावत्या, ऑफिसात दिलेला पत्ता असं सगळं गोळा केलं. बांधिलकीचं म्हणाल, तर तिच्या विम्याच्या कागदावर त्याचं नाव वारस म्हणून होतं. रोजच्या फोनचा हिशेब होता.

अडलं ते तिसऱ्या गोष्टीवर. बाईंनी विचारलं, "तुमच्याबद्दल घरी कोणाला माहीत आहे? गावात? नातेवाइकांत?"

दोघंही गप्प.

बघा कसा पेच आहे. जे नातं चार लोकांत दाखवलं असतं, ते आपण चार लोकांपासून लपवलं. लाज वाटली म्हणून, बोलणी खावी लागतील म्हणून. आणि आता साता समुद्रापलीकडचा अधिकारी विचारतोय, खरं नातं असेल तर कुणालाच कसं माहीत नाही?

बाई म्हणाल्या, "लपवलं असेल तर लपवलं म्हणून सांगा. का लपवलं ते सांगा. भारतातली घरं कशी असतात, हे अधिकाऱ्यांना ऐकून माहीत असतं. पण ज्यांना माहीत होतं, त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायला हवं. मेलबर्नमधल्या दोन मित्रांचे ठरावीक फॉर्म भरून घेऊच. पण आईचं पत्र असेल तर त्याला वजन असतं."

आईची ट्रंक

दुसऱ्या दिवशी मी महाडहून पोलादपूरची एसटी पकडली. पावसाला नुकतीच सुरुवात झाली होती. खिडकीत बसून आमच्या आईचा विचार करत होते.

आमचे वडील लालबागला गिरणीत. आई गावाला, शेत आणि सासू-सासरे सांभाळत. वडील यायचे शिमग्याला, गणपतीला आणि मे महिन्यात. पोलादपूर तालुक्यात तेव्हा घरोघरी हेच. अठ्ठावीस वर्षं संसार झाला, पण दिवस मोजले तर एका छपराखाली पाच वर्षंही भरणार नाहीत. आज त्या दोघांनी अर्ज केला असता तर अधिकाऱ्यानं विचारलं असतं, "एकत्र राहता का?"

पण आईच्या ट्रंकेत मनीऑर्डरच्या पावत्या होत्या, तारखेनुसार दोऱ्यात ओवलेल्या. इनलँड पत्रांचा गठ्ठा होता. रेशनकार्ड होतं. पैसा, घर, समाज, बांधिलकी! चारही गोष्टी त्या पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. आईला कुणी सांगितलं नव्हतं, पण पुरावा जपून ठेवायची अक्कल तिला होती. एकटी राहणाऱ्या बाईला ती असावीच लागते.

ताईला मी हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"आईचं लग्न झालेलं," ती म्हणाली.

"हो."

"गावात कळलं तर?"

"पत्र गावात नाही जायचं गं. मेलबर्नला जायचंय."

"भाऊजींना?" माझ्या तोंडून निघून गेलं. कारण भावोजींना तोवर कुणी काहीच सांगितलं नव्हतं. निदान आम्हा बायकांचा तसा समज होता.

ताईनं तवा उतरवला आणि पदराला हात पुसत म्हणाली, "वही आण."

ताई सातवी शिकलेली. पत्र लिहायला तिला तीन तास लागले. मी एक शब्द सुचवला नाही, कारण एजंट बाईंनी बजावलं होतं, साचेबंद पत्र नको. तिनं लिहिलं ते साधारण असं होतं: माझी मुलगी आणि हा मुलगा पुण्यात एका घरात राहत होते. मला कळलं तेव्हा मी रागावले, महिनाभर बोलले नाही. गावात मी खोटं सांगितलं, कारण लोक मुलीलाच नावं ठेवतात. मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात झालं. मी त्यांच्या घरी दहा दिवस राहिले. मुलगी कामावर जायची. हा मुलगा घरून काम करायचा. दिवसातून सहा वेळा घड्याळ लावून तो माझ्या डोळ्यांत थेंब घालायचा. मुलीला ताप आला तेव्हा पेज त्यानंच केली, पातळ झाली होती. माझ्या नवऱ्यानं मला कधी पेज करून दिली नाही. तेव्हापासून मी काही बोलत नाही.

शेवटच्या दोन ओळी खोडू का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, राहू दे.

संध्याकाळी भावोजी आले. वही तिथेच ओट्यावर राहिली होती. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. ताई न्हाणीघराकडे निघून गेली. मी तांदूळ निवडायला घेतले, निवडलेलेच पुन्हा.

वाचून झालं. वही खाली ठेवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ऑपरेशन नऊ डिसेंबरला नाही, बारा डिसेंबरला झालं. तारीख चुकवू नका, सरकारी काम आहे."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं! फोन केला की कधीतरी तो मुलगा उचलत असणार. माणूस गप्प राहिला, एवढंच. सकाळी मी निघताना विचारलं, "आधार कार्डाची झेरॉक्स लागते का? एक माझीही घेऊन जा."

कोणता फोटो?

पत्र मराठीत, म्हणून त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. भाषांतरकाराचं नाव, पत्ता, फोन आणि शिक्षण खाली लिहावं लागतं. मूळ पत्रही सोबत जोडलं.

मग फोटो. भाचीनं महाबळेश्वरचे, वाढदिवसाचे, छान छान कपड्यांतले शंभरेक फोटो काढून ठेवले होते. एजंट बाई म्हणाल्या, एवढे नकोत, पंधरा-वीस निवडा, वेगवेगळ्या काळातले, इतर माणसंही असलेले.

तेव्हा मला आमच्या पुराचा फोटो आठवला.

२२ जुलै २०२१ ची ती रात्र महाडकर विसरणार नाहीत. सावित्री आणि गांधारी गावात शिरल्या. बाजारपेठेत पहिला मजला बुडेल असं पाणी. आम्ही वरच्या माळ्यावर मेणबत्तीवर रात्र काढली. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. पाणी ओसरलं तेव्हा घरात मांडीएवढा चिखल होता. चार दिवसांनी भाची पुण्याहून ताम्हिणीमार्गे मित्र-मैत्रिणींबरोबर आली, टेम्पोत पाण्याचे कॅन, फावडी, घमेली घेऊन. त्यांतच हा मुलगा होता. "मित्र" म्हणून ओळख करून दिली होती. तीन दिवस त्यानं आमचं घर उपसलं. शेजारच्यांचंही.

फोटोत भाचीच्या हातात घमेलं, त्याच्या हातात फावडं, दोघंही डोक्यापासून पायापर्यंत चिखलात. मागे मी, नऊवारीचा ओचा खोचून, आणि आमचे हे. कुणी फोटोसाठी हसलेलं नाही. काढला होता शेजारच्या मुलानं, विम्याच्या पंचनाम्यासाठी, म्हणून कोपऱ्यात तारीख आणि वेळ आलेली.

फोटो मी पाठवला. एजंट बाईंचा निरोप आला, "हा सगळ्यांत वर ठेवू." आणि हो, पत्र मीही लिहिलं. त्यात मान्य केलं की मीच आधी खोटा कागद करायला सुचवलं होतं आणि या मुलांनी ऐकलं नाही. बाईंनी ते वाक्य काढायला लावलं. म्हणाल्या, "तुमचा प्रामाणिकपणा कळला, पण विचारलंय तेवढंच लिहा!"

ऑगस्ट २०२३ मध्ये अर्ज गेला. पोलीस दाखला, वैद्यकीय तपासणी, मुंबईला जाऊन बोटांचे ठसे, मग वाट बघणं. मध्ये एकदा आणखी कागद मागितले. डिसेंबर २०२४ मध्ये व्हिसा आला. पहिला तात्पुरता असतो, अर्जाच्या तारखेपासून दोन वर्षांनी नातं टिकून आहे ना, हे बघून कायमचा मिळतो.

दुसरीकडे काय?

प्रत्येक देशाचं वेगळं. ब्रिटनमध्ये लग्नाशिवायच्या जोडीदाराला येता येतं. आधी दोन वर्षं एकत्र राहिल्याचं दाखवावं लागे, ३१ जानेवारी २०२४ पासून लग्नासारखं नातं दोन वर्षं असल्याचं दाखवावं लागतं. कॅनडात वर्षभर सलग एका घरात राहिलेलं असावं लागतं. अमेरिकेत मात्र नोकरदाराच्या लग्नाच्या जोडीदारालाच एच-४ मिळतो, लिव्ह-इनला नाही.

आणि उलटाही प्रकार झालेला आहे. २०१९ मध्ये न्यूझीलंडमध्ये बऱ्याच भारतीय जोडप्यांचे अर्ज अडले. त्यांची रीतसर ठरवून लग्नं झाली होती, पण लग्नाआधी एकत्र राहिलेली नव्हती! "एकत्र राहिल्याचा पुरावा द्या," असं त्यांना सांगितलं गेलं. भारतीय समाजानं आवाज उठवल्यावर त्याच वर्षी सरकारनं नियम बदलला. म्हणजे इथे एकत्र राहिलं म्हणून नावं ठेवायची, तिथे राहिलं नाही म्हणून अडवायचं! बाईनं करावं तरी काय?

आपल्याकडे महाराष्ट्रात लिव्ह-इनची कुठे नोंदणी होत नाही. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं "लग्नासारख्या नात्यात" राहणाऱ्या बाईलाही संरक्षण दिलेलं आहे. हे आपल्या मुलींना माहीत असू द्या.

हे लक्षात ठेवा

* एजंटचा नोंदणी क्रमांक विचारा आणि त्या देशाच्या सरकारी यादीत स्वतः तपासा. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि ब्रिटन, चौघांकडे अशी यादी आहे.
* फीचा लेखी करार आणि प्रत्येक रकमेची पावती घ्या. "शंभर टक्के खात्री" म्हणणाऱ्याला नमस्कार करून उठा.
* कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. भरलेल्या अर्जाची प्रत मागा, वाचा. खोटं एजंटनं लिहिलं तरी जबाबदारी अर्जदाराची.
* मूळ पासपोर्ट एजंटकडे ठेवू नका. ऑनलाइन अर्जाचा पासवर्ड मुलीकडेही हवा, फक्त जोडीदाराकडे नको.
* तिकडे गेल्यावर मारहाण, छळ झाला तर व्हिसा जाईल या भीतीनं सहन करू नये. ऑस्ट्रेलियाच्या पार्टनर व्हिसात हिंसेमुळे नातं तुटलं तर त्यासाठी वेगळी तरतूद आहे. हे जाण्याआधीच एजंटला विचारून घ्या.

भाची मेलबर्नला जाऊन आता बरेच दिवस झाले. लग्न कधी, असं मी दर फोनला विचारते आणि ती दर फोनला हसते. माझं मत? लग्न व्हावं, असं मला अजूनही वाटतं. पण खोट्या कागदावर झालं नाही, याचं समाधान आहे.

गावात कळायचं ते कळलंच. चार दिवस कुजबुज झाली, मग कुणाच्या तरी जमिनीची मोजणी निघाली आणि लोकांना दुसरा विषय मिळाला. परवा ताईकडे गेले होते. शेजारीण विचारत होती, "पोर कुठे असते आता?" मी कान टवकारले.

ताई म्हणाली, "मेलबर्नला. तिच्या जोडीदाराकडे."

आणि शेंगा सोलत राहिली.